हिवाळा, डालड्याचे लाडू आणि आमची फजिती

चिंचोका (पुणे) · ३ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, थंडी पडली रे पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच फॉरवर्ड फिरतो, 'हिवाळ्यात मुक्या पाखरांना मदत करा'. सोबत बर्फात फुगून बसलेल्या कुठल्याशा परदेशी पक्ष्याचा फोटो आणि कृती: चरबीत दाणे घोळा, गोळे करा, झाडाला टांगा. यंदा लेकीने हट्टच धरला. घरात चरबी कुठली, म्हणून डालडा घेतला. शेंगदाण्याचं कूट, बाजरी, थोडे तीळ घालून करवंट्यांत थापलं, फ्रिजमध्ये घट्ट केलं आणि सुतळीने गॅलरीत टांगलं.

पहिल्या दिवशी बाराच्या उन्हात डालडा पाघळून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर ठिबकला. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. तिसऱ्या दिवशी कावळ्याने एक करवंटी सुतळीसकट पळवली. चौथ्या रात्री घूस आली. पाखरांपैकी एक बुलबुल तेवढा आला, करवंटीच्या काठावर बसून त्याने तिच्यात शिटलं आणि उडून गेला.

काकूंची साडी धुऊन दिली. आता खरंच विचारते, आपल्याकडच्या हिवाळ्यात, नोकरी आणि घर सांभाळून, पाखरांसाठी-प्राण्यांसाठी जमण्यासारखं काय आहे? 'झाडे लावा' सोडून सांगा.

पाणकोंबडी · ३ डिसेंबर, रात्री १०:२५

बुलबुलाने अभिप्राय दिलाय तो. :-)

ताई, तो निरोप जिथे जमीन चार महिने बर्फाखाली जाते तिथला आहे. पुण्यात डिसेंबरातही दुपारचा पारा २८-३० ला टेकतो. आपल्याकडे पावसाळा नुकताच सरलेला असतो, गवत बियांवर आलेलं असतं, किडे मुबलक, ज्वारी पोटरीतून बाहेर पडू लागलेली, वड-उंबर कुठे ना कुठे फळलेले. हा पाखरांच्या माहेरपणाचा काळ. म्हणून तर धोबी, माशीमार, भोरड्या, चक्रवाक, पट्टकदंब हे पाहुणे पक्षी एवढा पल्ला मारून इकडे येतात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतात. त्यांना तुमच्या डालड्याची काय पत्रास!

आपल्या पाखरांची ओढाताण होते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तीही मुख्यतः पाण्यासाठी. हिवाळ्यात त्यांना आपल्याकडून हवं ते इतकंच की जे आहे ते जाळू नका, उपटू नका, झाडून टाकू नका. तुमच्या सोसायटीत सकाळी पाचोळा पेटवतात का?

गोठलेला_पोहा (न्यू जर्सी) · ४ डिसेंबर, पहाटे ५:१०

ज्यांच्या नावाने तो निरोप फिरतो तिथूनच लिहितोय. आमच्याकडे काल रात्री उणे सहा होतं आणि इथे चरबीचे गोळे खरंच चालतात. माझ्या मागच्या अंगणात सूर्यफुलाच्या काळ्या बियांचा फीडर आहे, त्यावर कार्डिनल येतात, चिकडी येतात. पण इथेही नुसतं टांगून मोकळं होता येत नाही. फीडर दर दोन आठवड्यांनी धुवावा लागतो, नाहीतर एकमेकांच्या उष्ट्यातून फिंच पक्ष्यांचे डोळे येतात, सुजून बंद होतात. तसा एक बघितला आणि त्या दिवसापासून घासणी वेगळी ठेवली.

गंमत म्हणजे इथले पक्षीवाले आता म्हणतात की फीडर ठेवा न ठेवा, अंगणातली पानं मात्र गोळा करू नका, त्यात किडे हिवाळा काढतात. सगळा गाव यंत्र लावून पानं उडवतो आणि आमचं एकट्याचं अंगण 'गबाळं'. आई इथे आली होती तेव्हा तिने दोन दिवसांत केर काढून लख्ख केलं. काय बोलणार.

चिंचोका · ४ डिसेंबर, सकाळी ८:०५

पाणकोंबडी, पेटवतात ना! रोज सात वाजता मामा कंपाउंडच्या कोपऱ्यात ढीग लावतात. देशी बदामाची लाल पानं, शिरीषाची बारीक, वर एखादी प्लॅस्टिकची पिशवी. थोडं शेकणंही होतं त्यांचं. धूर वर जातच नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन तिथेच तरंगत राहतो.

पाणकोंबडी · ४ डिसेंबर, सकाळी ९:३०

थंडीत तसंच होतं. रात्रभर जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड, वर उबदार हवेचं झाकण. ऊन तापेपर्यंत धूर त्या झाकणाखाली कोंडतो. म्हणजे पाचोळा जाळायला वर्षातली सगळ्यात वाईट वेळ हीच.

कायद्याचं म्हणाल तर उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साधा ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड सांगितला आहे. पण मामांना कायदा दाखवू नका, स्वेटर द्या. खरंच सांगतोय. आमच्याकडे निम्मी आग शेकण्यासाठीच लागायची.

आणि त्या ढिगात काय जळतं ते एकदा बघा. पेटवायच्या आधी काडीने एक थर उचला. गोमा, कोळी, झुरळांची पिल्लं, कोषातले पतंग, गोगलगायी. सातभाईंचं टोळकं दिवसभर भांडत-कलकलत पानं उलटत असतं ते ह्याच्यासाठी. कस्तुरही तिथेच येतो. तुमच्या करवंटीत नव्हतं ते सगळं त्या कोपऱ्यात आयतं वाढलेलं असतं, आणि सात वाजता आपण ताट पेटवतो.

नाना_७४ · ४ डिसेंबर, सकाळी ११:००

सगळं वाचलं. पण 'खायला घालू नका' हे मला पटत नाही. गोग्रास, काकबळी, चिऊचा घास काऊचा घास, ह्यावर आपण वाढलो. मी रोज गच्चीत कबुतरांना मूठभर ज्वारी टाकतो. मुलाकडे अलिबागला जाताना लाँचमागून समुद्रपक्षी येतात, त्यांना शेव-गाठी टाकतो. नातवंडं किती खूश होतात! मुक्या जिवाला घास टाकण्यात पाप कसलं?

पाणकोंबडी · ४ डिसेंबर, दुपारी १:१५

नाना, पाप नाही हो. पण लाँचमागचे ते कुरव हिवाळी पाहुणे. मासे, कोळंबी, किडे हे त्यांचं खाणं. तळलेलं, खारट बेसन त्यांच्या पोटाचं नाही. आयतं मिळतंय म्हटल्यावर ते लाँचमागे फिरत राहतात, माशांमागे जात नाहीत. बरं, लाँचवर शेवेसोबत रिकामं पाकीटही पाण्यात पडतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला तेच.

कबुतराचं तर वेगळंच. दाणे मिळाले की ते वर्षभर अंडी घालतं. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात, आणि उंदरामागे कोण येतं ते सांगायला नको.

नाना_७४ · ४ डिसेंबर, दुपारी ४:४०

उंदराचं बरोबर आहे. गच्चीत लेंड्या दिसतात. बाकीच्यावर विचार करतो. पण घास टाकल्याशिवाय मला जेवण जात नाही, हेही खरं.

सुरमई (दापोली) · ४ डिसेंबर, रात्री ८:२०

नाना, आमच्याकडे दसऱ्याला भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि कुरडूची फुलं बांधून दाराला 'नवं' लावतात. पुढचे पंधरा दिवस चिमण्या तेच टिपत असतात. दाणे खाली पडत नाहीत, कबुतराला लोंबीवर लटकता येत नाही, घास मात्र जातो. ज्वारीचं एखादं कणीस खिडकीला उलटं बांधून बघा.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यांची घरटी राखायचं काम सुरू केलं, आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत घरटी राखतात. मादी रात्री येते. किनाऱ्यावर उजेड दिसला, माणसं दिसली की अंडी न घालताच माघारी फिरते. वाळूत नुसता गेल्या-आल्याचा माग राहतो, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी निघतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. तारांगणाखाली उजळलेला समुद्र त्यांनी ओळखायचा, तर आपण उलट्या बाजूला फ्लडलाइट लावून ठेवतो.

आमच्या जवळच्या एका रिसॉर्टवाल्याने मागच्या थर्टीफर्स्टला समुद्राकडे तोंड करून असले चार दिवे लावले होते. सांगायला गेलो तर म्हणे पर्यटकांना 'व्ह्यू' हवा. तर तुम्ही पर्यटक म्हणून एवढंच करा. खोली बुक करताना विचारा, समुद्राकडचे दिवे रात्री बंद करता का? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक आपोआप बटण शोधतो. आणि वाळूवर गाडी घालू नका. आमची कितीतरी भांडणं वाचतील.

खडूस_सदाशिव · ५ डिसेंबर, सकाळी ७:५०

पाचोळा ठेवा म्हणताय, त्यात साप निघाला तर धागाकर्ती जबाबदारी घेणार का? आमच्या शेजारच्या बंगल्यात गेल्या जानेवारीत घोणस निघाली.

निशाचर · ५ डिसेंबर, सकाळी १०:१०

रास्त प्रश्न. सर्पमित्रांबरोबर काही वर्षं फिरलोय म्हणून लिहितो.

थंडी हा घोणसीचा मिलनाचा काळ. एका मादीच्या मागावर दोन-दोन नर फिरतात, म्हणून ह्या दिवसांत ती जास्त दिसते. सकाळी उन्हात पडून असते, पाचोळ्याच्या रंगाची. जवळ गेलात तर कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार टाकते. तो ऐकून दोन पावलं मागे गेलात की बहुतेक वेळा विषय संपतो. काठी घेऊन पुढे गेलात तर मात्र नाही.

तेव्हा पाचोळा ठेवायचा, पण भिंतीला टेकून, दाराशी, जिन्याखाली नाही. कंपाउंडच्या लांबच्या कोपऱ्यात, जाळीच्या पिंजऱ्यात. त्यात हात घालायचा नाही, फावडं वापरायचं. अंधारात चालताना टॉर्च. तुमच्या शेजारच्या बंगल्यात लाकडं, फरश्या, जुन्या कुंड्या रचलेल्या होत्या का? आणि कुणी दाणे टाकत होतं का?

खडूस_सदाशिव · ५ डिसेंबर, सकाळी १०:३५

दोन्ही. :-(

ऊसवाला (जुन्नर तालुका) · ६ डिसेंबर, रात्री ९:००

शहरातला पाचोळा वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे ह्याचंच मोठं रूप म्हणजे पाचट, उसाची वाळकी पानं. ऊस तुटला की काडी लावायची, हीच पद्धत. दोन वर्षांपासून मी पाचट सरीत दाबतो, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागतं. शेजारी आधी हसला, यंदा त्याने कुट्टी यंत्र भाड्याने आणलं.

पण मूळ मुद्दा बिबट्याचा. तोडणी चालू झाली की उसात पिल्लं सापडतात. ह्या बिबट्यांच्या पिढ्यान् पिढ्या उसातच जन्मल्यात, त्यांचं जंगल म्हणजे ऊस. आई दिवसा लांब जाते, कोयत्याच्या आवाजाने येत नाही. तोडणीवाले पिल्लू उचलतात, फोटो काढतात, कुणी पोत्यात घालून गावात आणतं. चूक तिथे होते. तोडणी तेवढ्या भागात थांबवा, वनखात्याला १९२६ वर कळवा, बाकी त्यांच्यावर सोडा. वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं येतात, पिल्लू तपासतात आणि संध्याकाळी त्याच वावरात खोक्यात ठेवतात. लांब कॅमेरा लावतात. आई रात्री येते, मानगुटीला धरते आणि नेते. आमच्या बांधावर मी स्वतः सकाळी ते आडवं पडलेलं खोकं पाहिलंय. बाजूच्या ओल्या मातीत ताटलीएवढे पंजे.

आणखी एक, निम्म्या वेळा 'बिबट्याची पिल्लं' म्हणून बोंब होते ती रानमांजराची निघतात.

खडूस_सदाशिव · ६ डिसेंबर, रात्री ९:४०

आणि माणसं मरतात त्याचं काय? शिरूर-जुन्नरकडे लहान पोरं गेलीत. पिल्लांच्या काळजीने गळे काढणं शहरात बसून सोपं आहे.

ऊसवाला · ६ डिसेंबर, रात्री १०:१५

मी शहरात बसलेलो नाही. माझा पुतण्या अंधार पडल्यावर एकटा बाहेर जात नाही, आम्ही जाऊ देत नाही. गुरांना बंद गोठा केलाय, बायका वावरात वाकून काम करताना जोडीने जातात. भीती काय असते ते मला शिकवू नका.

म्हणूनच सांगतोय. पिल्लू नेलं की आई त्या वावराभोवती रात्र रात्र फिरते, डरकाळ्या फोडते. अशी पिसाळलेली मादी आणि तिच्या शेजारी पालात झोपलेली तोडणीवाल्यांची पोरं. पिल्लू जागेवर ठेवणं हे आधी माणसांसाठी आहे, मग बिबट्यासाठी.

खडूस_सदाशिव · ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

माणदेशी · ८ डिसेंबर, दुपारी २:२०

आमच्याकडं बिबट्या नाही, पाणीबी नाही. पण शेततळी झालीत, डाळिंबाच्या जिवावर. काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर, तिरके काठ, शेवाळलेले. गेल्या पौषात सकाळी मोटार चालू करायला गेलो तर पाण्यात खोकड, म्हणजे लहान कोल्हा, मरून तरंगत होतं. काठाच्या अस्तरावर नखांचे ओरखडे, चारी बाजूंनी. रात्रभर फिरून फिरून चढायचा प्रयत्न केला असणार त्यानं. आत उतरणं सोपं, वर येणं अशक्य.

दुसऱ्या दिवशी भंगारातनं मोटारसायकलचे जुने टायर आणले, काथ्याच्या दोरानं एकाखाली एक बांधले आणि काठावरच्या खुंटीपासनं पाण्याच्या तळापर्यंत सोडले. दोन कोपऱ्यांत दोन शिड्या. खर्च चहापाण्याचा. त्यानंतर मुंगूस चढून जाताना बघितलंय, आणि खरं सांगायचं तर एकदा मीच घसरलो तेव्हा त्याच टायरला धरून वर आलो. ज्यांचे भाऊबंद गावाकडं शेती करतात त्यांनी एक फोन करून एवढं सांगा की राव.

भोरड्यांबद्दलही लिहायचं होतं. ज्वारीवर उतरल्या की नुकसान करतात हे खरं, माळ्यावर बसून गोफण चालवायला माणूस लागतो. पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्यापण खातात. आमचा म्हातारा बांधाकडच्या दोन ओळी 'त्यांच्या' म्हणून सोडायचा. आम्ही हुरडा खायला बसलो की त्यांच्या दोन ओळींकडं बोट दाखवायचा.

गोठलेला_पोहा · ९ डिसेंबर, पहाटे ५:३०

माणदेशी, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती सांगोल्याची. तिने लगेच भावाला फोन लावला, तिकडे दुपारचे साडेतीन असतील असं समजून. पहाट? दुपार? काहीतरी गोंधळ झाला, पण टायरचं त्याला कळलं.

पाणकोंबडी · ३ जानेवारी, सकाळी ९:००

धागा वर काढतोय, कारण संक्रांत आली. नायलॉन आणि कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. सापडलाच तर विकत घेऊ नका, पोरांना साधा सुती दोरा द्या. सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या सुमारास पतंग नको. ती घारी, बगळे, वटवाघळं यांच्या ये-जा करण्याची वेळ.

खरं काम संक्रांतीनंतर. पतंग संपतात, मांजा झाडांत महिनोन् महिने लटकत राहतो. रात्री घुबडाला तो दिसत नाही. अडकलेलं पाखरू दिसलं तर दोरा ओढू नका, ओढला की पंखात आणखी रुततो. दोन्ही बाजूंनी कापा, पंखाला गुंडाळलेला तसाच राहू द्या, अंगावर फडकं टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. अंधार आणि शांतता हवी. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मग १९२६ किंवा गावातले पक्षीमित्र.

चिंचोका · १८ जानेवारी, रात्री ८:५०

उशिरा आले, पण हिशेब देते.

मामांना स्वेटर आणि कानटोपी दिली, वर सकाळी चहाचा थर्मास. आग बंद. एका कोपऱ्यात खुराड्याला लावतात ती जाळी चार बांबूंना गुंडाळून कमरेएवढा पिंजरा केला. पानांचा थर, त्यावर पाण्याचा शिपका, मध्ये मध्ये आंबट ताक आणि मूठभर जुनं खत. जाळायला दहा मिनिटं लागायची, हे भरायला पंधरा लागतात, अशी मामांची तक्रार आहे. सेक्रेटरींना ते 'बकाल' दिसतं. वाद चालू आहे.

काल रविवारी लेक आणि तिच्या पाच मैत्रिणी बांबूला आकडी बांधून मांजा काढत फिरल्या. दीड तासात एका गल्लीतून नारळाएवढा गुंडा निघाला. तो कापून तुकडे केले, नाहीतर कचराडेपोवर पुन्हा कुणाच्या तरी पायात अडकायचा. एका गुलमोहरावर वाळलेलं वटवाघूळ लटकत होतं. पोरी जरा वेळ गप्प झाल्या. मग सगळ्यात लहानीने विचारलं, ह्याला खाली काढायचं का? काढलं.

नाना, तुमच्या कणसाचं काय झालं?

नाना_७४ · १८ जानेवारी, रात्री ९:२०

पहिला आठवडा कुणी फिरकलं नाही. कबुतरं समोर बसून माझ्याकडे बघत. आठव्या दिवशी चिमणी आली, एकच. आता चार येतात. शेव सोडली. ज्वारी मूठभर नाही, कणीसभर.

चिंचोका · १८ जानेवारी, रात्री ९:४५

वा! एक प्रश्न राहिलाच. आमच्या पाचोळ्याच्या पिंजऱ्यात संध्याकाळनंतर खालच्या थरात काहीतरी खुडबुडतं. चिर्रर्र असा बारीक आवाज, मग एकदम शांत. वासही येतो जरा उग्र. सेक्रेटरींच्या मते उंदीर. काय असेल?

निशाचर · १८ जानेवारी, रात्री १०:०५

चिचुंद्री. किडे खाते. सेक्रेटरींना सांगा, भाडेकरू चांगली आहे.